व्हाइटहेवनची खाण आणि तिच्या अटी

सरकारी परवानगीच्या कागदास जोडलेली अटींची यादी कोणी आवडीनें वाचीत नाहीं. तींत अलंकार नसतात, कर्ता दिसत नाहीं, आणि बहुतेक वाक्यें ‘करूं नये’ किंवा ‘करावें लागेल’ या शब्दांनीं संपतात. तरीपण ज्या समाजानें ती यादी केली त्याला कशाची भीति वाटत होती, कोणाच्या जिवाची किंमत त्याच्या हिशोबांत धरलेली होती आणि कोणाच्या जिवाची धरलेली नव्हती, हें कळण्यास तिच्यासारखें प्रामाणिक साधन क्वचितच मिळेल. बखरकार आपल्या धन्याची स्तुति करील. अटी लिहिणारा कारकून मात्र मागच्या अपघाताची आठवण ठेवूनच लिहीत असतो. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील व्हाइटहेवन या लहानशा बंदराजवळ दगडी कोळशाची नवी भुयारी खाण काढण्यास 2022 सालीं परवानगी मिळाली, आणि 2024 सालीं न्यायालयानें ती रद्द केली. या प्रकरणाकडे आम्ही याच दृष्टीनें पाहूं इच्छितों. त्याकरितां सुमारें तीनशें वर्षें मागें जाणें भाग आहे.

व्हाइटहेवन हें लाउदर घराण्यानें वाढविलेलें गांव. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सर जॉन लाउदर यानें काटकोनांत छेदणारे रस्ते आंखून शहर वसविलें, आणि जवळच्या टेकड्यांखालचा कोळसा गलबतांत भरून आयर्लंडांत डब्लिनला पाठविण्याचा व्यापार भरभराटीस आणला. तेथील कोळशाचे थर उतरत उतरत समुद्राखालीं जातात. सर जॉनचा मुलगा सर जेम्स याच्या कारकीर्दींत त्यांचा पाठलाग सुरू झाला. त्याचा कारभारी कार्लाइल स्पेडिंग यानें 1729 मध्यें साल्टम येथें, समुद्रापासून अवघ्या वीस यार्डांवर, एक विहीर खणावयास घेतली, आणि ती साडेचारशें फुटांहूनहि खोल नेली. समुद्रतळाखालून कोळसा काढणाऱ्या इंग्लंडांतील अगदीं पहिल्या खाणींत तिची गणना होते. या कामास पर्यावरणाच्या दृष्टीनें मंजुरी कोणाची घेतली, असें विचारणें हास्यास्पद होईल. त्या काळीं तसें खातें नव्हतें, कायदाहि नव्हता. खाण कोठें खणावी, किती खोल न्यावी, आंत कोणी उतरावें, हें सर्व मालक आणि कारभारी यांनींच ठरवावयाचें.

तथापि खाणीनें आपली एक अट पहिल्यापासूनच घातली होती. विहीर खणीत असतां 1731 मध्यें खडकाच्या फटींतून जोराचा वायु सुटला, आणि दिव्याची ज्योत लागतांच तो पेटला. खाणवाले ज्याला ‘फायरडॅम्प’ म्हणत तो हाच. आजचें त्याचें नांव मिथेन. स्पेडिंगनें घाबरून विहीर बुजविली नाहीं. त्यानें त्या फटीस नळी जोडून वायु वर आणला, व तो बाहेर मोकळ्या हवेंत सोडून दिला. इतकेंच नव्हे, तर तो वायु जनावरांच्या फुग्यांत (म्हणजे मूत्राशयांत) भरून लंडनला रॉयल सोसायटीकडे पाठविण्यांत आला, आणि सर जेम्सच्या नांवानें त्याची हकीकत 1733 मध्यें त्या संस्थेच्या नियतकालिकांत छापून आली. सोसायटीचे विद्वान् फुगा दाबून ज्योत पेटवीत आहेत, हें दृश्य मोठें मनोरंजक झालें असलें पाहिजे! गांवांतला वैद्य विल्यम ब्राउनरिग यानें तर आपल्या प्रयोगशाळेंत या वायूचा अभ्यासच मांडला. शहराचे रस्ते या वायूनें उजळावेत अशी सूचना स्पेडिंगनें केली होती व ती कोणीं मनावर घेतली नाहीं, असेंहि सांगतात.

याच स्पेडिंगनें मेणबत्तीपेक्षां कमी धोक्याचा म्हणून एक दिवा शोधून काढला. त्यांत पोलादी चक्र गारगोटीवर घांसून ठिणग्या पाडावयाच्या, आणि त्या ठिणग्यांच्या उजेडांत कोळसा फोडावयाचा. ठिणग्यांनीं वायु पेटत नाहीं असा त्या वेळचा समज होता. तो खरा नव्हता. ज्या वायूला त्यानें नळींत कोंडलें त्याच्याच स्फोटांत 1755 मध्यें स्पेडिंग मरण पावला.

एकोणिसाव्या शतकांत सरकार खाणींत उतरूं लागलें, पण तें प्रत्येक वेळीं प्रेतांच्या मागून उतरलें. यॉर्कशायरांतील एका खाणींत 1838 मध्यें पावसाचें पाणी शिरून 26 मुलें बुडालीं. त्यानंतर चौकशी बसली, आणि 1842 च्या कायद्यानें स्त्रियांना व दहा वर्षांखालील मुलांना जमिनीखालीं कामास लावण्याची बंदी झाली. नॉर्थंबरलंडांतील हार्टलीच्या खाणीला ये-जा करण्यास एकच विहीर होती. 1862 च्या जानेवारींत पंपाच्या इंजिनाची प्रचंड तुळई मोडून त्या विहिरींत पडली, वाट बुजली, आणि 204 माणसें आंत गुदमरून मेलीं. त्याच वर्षीं प्रत्येक खाणीस बाहेर पडण्याच्या दोन वाटा असल्या पाहिजेत असें ठरलें. अशा रीतीनें एकेक कलम वाढत गेलें. या कलमांत एक गोष्ट समान आहे, व ती पुढें उपयोगी पडणार असल्यामुळें येथेंच सांगून ठेवतों: तीं सारीं खाणीच्या तोंडापाशीं थांबतात. आंत उतरणाऱ्या माणसाचें काय होतें तें कायदा पाहूं लागला. बाहेर पडलेल्या कोळशाचें पुढें काय होतें, याच्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें.

आणि आंतल्या माणसाचें रक्षण तरी कितपत झालें? व्हाइटहेवनच्या वेलिंग्टन खाणींत 11 मे 1910 रोजीं स्फोट होऊन आग लागली. आग विझेना, तेव्हां हवा तोडण्यासाठीं भुयारें बंद करण्याचा निर्णय घ्यावा लागला, आणि बाहेर आप्तेष्टांचा जमाव उभा असतां तीं बंद केलीं गेलीं. 136 माणसें व मुलगे तेथेंच संपले. हेग खाणींत 1922 मध्यें 39 जण गेले, 1928 मध्यें 13.

यापुढची तारीख आम्हां भारतीयांना निराळ्याच कारणानें पाठ आहे. 15 ऑगस्ट 1947 रोजीं सायंकाळीं सहाच्या सुमारास विल्यम खाणींत मिथेनचा स्फोट झाला व 104 माणसें मेलीं. त्या घटकेस आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले असतील. रस्त्यारस्त्यांतून दिवे लागलेले, झेंडे फडकत असलेले, लोक घरीं जावयास तयार नाहींत. आणि ज्यांचें राज्य त्या दिवशीं आपल्यावरून उठलें त्यांच्याच देशांतल्या एका गांवांत बायका खाणीच्या दाराशीं नांवें पुकारलीं जाण्याची वाट पाहात उभ्या. साम्राज्य म्हणून आपण ज्याला ओळखत होतों त्याच्या पोटांत हींहि माणसें होतीं, याचें स्मरण आपल्या इतिहासकारांना फारसें होत नाहीं. तीन कामगार सुमारें वीस तासांनीं जिवंत बाहेर आले. खाणी त्याच वर्षीं 1 जानेवारीस राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या; मालक बदलला, वायु बदलला नव्हता. हेग ही येथली अखेरची मोठी खाण 1986 मध्यें बंद पडली.

इतका इतिहास पाठीशीं असलेल्या गांवानें नवी खाण नको म्हणावें, असें दूरच्या माणसास वाटेल. तसें झालें नाहीं. वेस्ट कंब्रिया मायनिंग या कंपनीनें जुन्या रासायनिक कारखान्याच्या जागेवरून समुद्राखालीं भुयारें नेण्याचा अर्ज 2017 मध्यें केला, तेव्हां तेथील कित्येकांनीं त्याचें स्वागतच केलें. पांचशेंच्या आसपास नोकऱ्या मिळावयाच्या होत्या, आणि खाण गेल्यापासून त्या भागांत अशा नोकऱ्या सहजीं येत नव्हत्या. काउंटीच्या मंडळानें 2019 व 2020 मध्यें मिळून तीनदां अनुकूल ठराव केला. विरोधकहि स्थानिकच होते. हवामानाची चिंता करणारे त्यांत होते, तसेच समुद्रतळ खचला तर जवळच्या सेलाफील्ड अणुकेंद्रांतून पूर्वी समुद्रांत गेलेला व गाळांत बसलेला किरणोत्सर्गी अंश ढवळला जाईल, अशी भीति बाळगणारेहि होते. मार्च 2021 मध्यें मध्यवर्ती सरकारनें प्रकरण आपल्याकडे घेतलें, सप्टेंबरांत जाहीर चौकशी झाली, आणि 7 डिसेंबर 2022 रोजीं मंत्री मायकेल गोव्ह यांनीं परवानगी दिली.

या परवानगीच्या अटी व तिच्याबरोबरचा करार वाचले म्हणजे तीनशें वर्षांत दृष्टि किती विस्तारली तें दिसून येतें. खाण 2049 पर्यंत बंद झाली पाहिजे, कारण 2050 पर्यंत देशाचें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा कायदा तेथें आहे. कोळसा पोलादाच्या भट्ट्यांसाठींच काढावयाचा, विजेसाठीं नाहीं. तो झांकलेल्या पट्ट्यावरून जमिनीखालून आगगाडीपर्यंत न्यावयाचा. धूळ, आवाज, रात्रीचे दिवे, कारखान्यानें नासविलेली जमीन, या प्रत्येकाचा बंदोबस्त सांगितलेला. आणि मिथेन पकडावयाचा! स्पेडिंगनें जो वायु माणसें मारतो म्हणून नळीनें बाहेर सोडला, तोच आतां बाहेर सुटतां कामा नये, कारण तो आकाश तापवितो. जें पकडतां येणार नाहीं त्याच्या भरपाईसाठीं दुसरीकडील प्रदूषण कमी केल्याचीं प्रमाणपत्रें विकत घ्यावयाचीं. एवढें झालें म्हणजे ही खाण हवामानास निर्दोष, असें कंपनीचें म्हणणें होतें.

आतां थोडा हिशोब करूं. खाणीच्या स्वतःच्या कामांतून दर वर्षीं सुमारें 4 लक्ष टन उत्सर्जन होईल, असा सरकारी हवामान-समितीचा 2021 मधील अंदाज होता. वरील सर्व अटी या 4 लक्षांविषयीं. परंतु खाणींतून वर्षाला सुमारें 28 लक्ष टन कोळसा निघावयाचा होता, व असा एक टन कोळसा जळला म्हणजे जवळजवळ तीन टन कार्बन डायॉक्साइड होतो. म्हणजे हिशोबाबाहेर राहिले तें 80 लक्ष टनांच्या घरांत. अटी किती बारीक आहेत तें पाहून आपण दिपतों, आणि त्या पुन्हां खाणीच्या तोंडापाशींच थांबल्या आहेत हें ध्यानांत येत नाहीं.

यावर उत्तर असें देण्यांत आलें कीं, युरोपांतल्या भट्ट्या कोळसा जाळणारच. आम्हीं दिला नाहीं तर त्या अमेरिकेचा आणतील, तेव्हां जगाच्या धुरांत भर पडत नाहीं. हा युक्तिवाद आम्हांस चांगल्या ओळखीचा वाटतो. आमच्या गांवोगांवच्या गुत्तेदारांनीं तो फार दिवस चालविला आहे: मीं दुकान बंद केलें म्हणून का कोणी पिण्याचा राहणार आहे? त्यांत सत्याचा अंश नसतो असें नाहीं. परंतु नवें दुकान निघाल्यावर जुनें तेवढ्याच मापानें आपण होऊन बंद होतें, असें कोणत्याहि बाजारांत घडलेलें आम्हीं पाहिलेलें नाहीं.

न्यायालयांत निकाल लागला तो आधीं एका तेलाच्या विहिरीवरून. सरे परगण्यांतील हॉर्स हिल येथील विहिरीच्या खटल्यांत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें 20 जून 2024 रोजीं, तीन विरुद्ध दोन मतांनीं, असें ठरविलें कीं, काढलेलें तेल जळणार हें निश्चित असल्यानें त्या ज्वलनाचा परिणाम हाहि प्रकल्पाचाच परिणाम होय, आणि पर्यावरणाच्या अहवालांत त्याचा विचार झाला पाहिजे. जुलैंत नवें सरकार आलें. त्यानें व्हाइटहेवनच्या परवानगींत कायद्याची चूक झाल्याचें मान्य करून बचाव सोडून दिला. कंपनी मात्र लढली. 13 सप्टेंबर 2024 रोजीं न्यायमूर्ति होलगेट यांनीं परवानगी रद्द केली. कोळसा जाळल्याचा परिणाम तपासलेला नाहीं, आणि खाणीमुळें निव्वळ उत्सर्जन वाढणार नाहीं हें गृहीत कायद्यास धरून नाहीं, असा त्यांच्या निवाड्याचा आशय आहे. खाण काढूंच नये असें मात्र त्यांनीं म्हटलेलें नाहीं. तें काम न्यायालयाचेंहि नव्हे. धूर मोजा, मग काय तो निर्णय घ्या, एवढेंच सांगितलें.

हा निवाडा आम्हांस योग्य वाटतो. पूर्वीचें प्रत्येक कलम अपघात झाल्यावर लिहिलें गेलें. येथें नुकसान होण्यापूर्वीं तें मोजण्याचा हट्ट धरला गेला, आणि ज्यांचे जीव मोजावयाचे ते व्हाइटहेवनचे नसून कोठल्याहि किनाऱ्यावरचे असूं शकतात. पण दुसरी बाजूहि लिहून ठेवली पाहिजे. या मोजमापाचा खर्च पडला तो व्हाइटहेवनवर. ज्या गांवानें दोनशें-अडीचशें वर्षें देशाला कोळसा आणि प्रेतें दिलीं, त्याला खाणीऐवजीं दुसरें कांहीं द्यावें, अशी अट कोणत्याहि कागदावर नव्हती. विरोधकांनीं पवनचक्क्यांच्या आणि घरें उबदार राखण्याच्या कामांचे आंकडे पुष्कळ सांगितले, पण आंकड्यावर पगार मिळत नाहीं.

कोळशाचें घरचें गिऱ्हाईकहि एव्हांना कमी होत चाललें होतें. निवाड्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनीं, 30 सप्टेंबर 2024 रोजीं, वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील टाटांच्या कारखान्यांतली शेवटची कोळशाची झोतभट्टी विझविण्यांत आली. जुन्या लोखंडापासून विजेच्या भट्टींत पोलाद करण्याची योजना तिच्या जागीं आली. त्याच दिवशीं रॅटक्लिफचें वीजकेंद्र बंद झालें, आणि 1882 पासून ब्रिटनमध्यें कोळशावर चाललेली वीजनिर्मिति संपली. व्हाइटहेवनचा अर्ज फेरविचारासाठीं सरकारकडे परत गेला होता. 2025 मध्यें कंपनीनें तो मागें घेतला.