कातडीच्या तुकड्याची साक्ष

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन परीक्षा आपल्या जुन्या वैद्यकाने सांगितल्या आहेत. वैद्याने रोग्यास डोळ्यांनी पाहावे, हातांनी चाचपावे आणि त्याची हकीकत विचारून घ्यावी, की निदान झाले. कातडीच्या रोगांत तर पहिली परीक्षाच पुरेशी व्हावी असे कोणासही वाटेल; कारण तेथे रोग पोटात दडलेला नसून अंगावर उघडा असतो. परंतु वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पाठीवरचा एक फिकट चट्टा महारोगाचा असू शकतो, कोडाचा असू शकतो, साध्या बुरशीचा असू शकतो, किंवा वर्षापूर्वी बऱ्या झालेल्या काळ्या आजाराने मागे ठेवलेली ती खूणही असू शकते. म्हणून एकोणिसाव्या शतकात वैद्यांनी चौथी परीक्षा शोधली. रोगी भागाचा लहानसा तुकडा कापून घ्यावयाचा, त्याचा पातळ काप करून त्यावर रंग चढवावयाचा, आणि तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून रोगाचे मूळ प्रत्यक्ष पाहावयाचे, अशी ही परीक्षा होय. ती माणसाने कशी शिकून घेतली, हे एका रोगाच्या इतिहासावरून येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. ह्या रोगाचा जंतू १८८५ साली एका शास्त्रज्ञाच्या यंत्राखाली आला होता. परंतु त्याची ओळख जगास पटली ती १९०३ मध्ये. ही मधली अठरा वर्षे का गेली, हा प्रश्न आम्हांस शोधाइतकाच विचारणीय वाटतो.

हा रोग म्हणजे ज्यास दिल्लीचा फोड म्हणत तो. त्यास गावोगावची नावे आहेत. सीरियात तो अलेप्पोचा फोड, इराकात बगदादचा, अल्जीरियात बिस्क्राचा, तर पंजाबात लाहोरचा. अलेप्पो येथे राहिलेल्या अलेक्झांडर रसेल ह्या इंग्रज व्यापारी वसाहतीच्या डॉक्टराने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. उघड्या अंगावर, विशेषतः तोंडावर व हातापायांवर, एक पुळी उठते. ती महिनोन् महिने हळूहळू वाढते, फुटते, तिच्यावर खपली धरते, आणि बहुधा वर्षभराने ती आपोआप भरून येते. दुखणे फारसे नसते. पण जाताना ती जन्माचा वण ठेवून जाते. एकदा फोड येऊन गेलेल्यास तो सहसा पुन्हा येत नाही, हे तिकडील लोकांनी अनुभवाने जाणले होते. म्हणून कित्येक ठिकाणी मुलांच्या अंगावर झाकल्या जागी तो मुद्दाम टोचून उठवीत, की पुढे चेहरा विद्रूप होऊ नये. लोकांस रोगाचा स्वभाव असा पुरता ठाऊक होता. कारण मात्र कोणासच ठाऊक नव्हते. कोणी पाण्यास दोष देई, कोणी हवेस.

कातडीच्या तुकड्यास असा प्रश्न विचारण्याची रीत हिंदुस्थानात रुजविणाऱ्यांत मुंबईच्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हाती आजही असणाऱ्या ग्रे ह्यांच्या शारीरशास्त्राच्या पहिल्या, म्हणजे १८५८ च्या, आवृत्तीतील चित्रे ह्याच गृहस्थांनी काढली. त्याच वर्षी ते मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, आणि पुढे काही वर्षे साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. शेतात अनवाणी राबणाऱ्यांचा पाय सुजून त्यास छिद्रे पडतात व त्यांतून बारीक दाणे बाहेर येतात, असा एक रोग आहे. मदुरेकडे तो पुष्कळ आढळल्यामुळे त्यास त्या शहराचे नाव पडले होते. कार्टर ह्यांनी असे पाय चिरून, त्यांतील दाणे तपासून, त्यांत बुरशीचे तंतू असल्याचे दाखविले, रोगास 'मायसेटोमा' हे नाव दिले आणि १८७४ साली त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. चित्रकाराचा डोळा आणि वैद्याची जिज्ञासा एका ठिकाणी आल्याचा हा लाभ होता. पुढे १८९४ मध्ये व्हँसाँ ह्यांनी दाखवून दिले, की ह्या रोगाचे काही प्रकार बुरशीचे नसून जंतूंचे असतात. दोहोंचा पाय बाहेरून सारखाच दिसतो, उपाय मात्र निरनिराळे. आणि हा भेद दाण्यांच्या तपासणीवाचून कळत नाही.

आता दिल्लीच्या फोडाकडे वळू. कलकत्त्यास डेव्हिड डग्लस कनिंगहॅम नावाचे एक विद्वान शास्त्रज्ञ सरकारी संशोधनाचे काम करीत असत. टिमथी लुइस ह्यांच्या सहकार्याने त्यांनी ह्या फोडाविषयी १८७७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला होता. पण त्यात कारण हाती लागले नव्हते. १८८५ साली दिल्लीच्या फोडाच्या तुकड्याचे काप त्यांनी पुन्हा तपासले, आणि त्यांत त्यांस काही विलक्षण पिंड दिसले. त्यांची चित्रे त्यांनी काळजीपूर्वक काढून छापली. ती चित्रे आज पाहिली तर जाणत्या माणसास खात्रीने सांगता येते, की कनिंगहॅम ह्यांच्यासमोर खरा जंतू होता. परंतु त्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा : मोठा गोल पिंड हाच परोपजीवी प्राणी, आणि त्याच्या पोटातील बारीक कण म्हणजे त्याची बीजे. वास्तविक तो मोठा पिंड रोग्याच्या स्वतःच्याच शरीरातील भक्षक पेशी होता, आणि ते बारीक कण हेच तिच्यात शिरून वाढलेले जंतू होते. घर पाहून त्यालाच बिऱ्हाडकरू समजावे, तसे हे झाले.

कनिंगहॅम ह्यांस येथे हसणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. हे जंतू मिलिमीटरच्या एक हजारांश भागाच्या अवघे दोन ते चार पट मोठे. ज्या रंगांनी त्यांचे अंतरंग स्पष्ट होते ते त्या वेळी निघालेच नव्हते. रशियातील रोमानोव्स्की ह्यांनी १८९१ मध्ये निळा व तांबडा असे दोन रंग एकत्र वापरून हिवतापाचे जंतू रंगविले, तेव्हा प्रथमच अशा सूक्ष्म प्राण्यांचे पेशीकेंद्र व भोवतालचा भाग वेगवेगळे दिसू लागले. शिवाय पेशीच्या आत राहून तिच्यावरच पोसणारे प्राणी असतात, ही कल्पनाही तेव्हा शास्त्रज्ञांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. ज्याची कल्पनाच मनात नाही ते डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही, हे व्यवहारात जितके खरे तितकेच प्रयोगशाळेतही खरे आहे.

ह्यापुढची हकीकत निराळ्या कारणाने चटका लावणारी आहे. ताश्कंद येथील रशियन लष्करी रुग्णालयातील शस्त्रवैद्य प्योत्र बोरोव्स्की ह्यांनी त्याच जातीच्या स्थानिक फोडाचा अभ्यास करून, त्यातील बारीक कण हेच जंतू असून ते एकपेशीय प्राणिवर्गातील आहेत, असे १८९८ मध्ये अचूक लिहिले. मोठ्या पिंडाचा भ्रम त्यांस झाला नाही. पण हा लेख रशियन भाषेतील एका लष्करी वैद्यकीय मासिकात आला. पश्चिमेकडील विद्वानांनी तो वाचला नाही, आणि १९३८ मध्ये होअर ह्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले तोपर्यंत ह्या शोधाचे श्रेय इतरांकडे गेले होते. रशियात मात्र त्या रोगास बोरोव्स्कीचा रोग असेही म्हणतात. सत्य सांगून भागत नाही. ते ज्यांस हवे त्यांच्या कानी पडावे लागते. हिंदी भाषांतून शास्त्रीय लेखन करू इच्छिणाऱ्यांनी ह्या गोष्टीचा दोन्ही बाजूंनी विचार करावा. स्वभाषेत लिहिणे हा दोष नव्हे. परभाषेतील लेखन न वाचणे हा दोष खास आहे.

१९०३ हे वर्ष उजाडले आणि सगळे धागे एकदम जुळले. कलकत्त्याजवळील डमडम येथे आजारी पडून इंग्लंडात नेटले येथे १९०० साली मरण पावलेल्या एका शिपायाच्या प्लीहेत विल्यम लीशमन ह्यांस काही चमत्कारिक कण दिसले होते; ते त्यांनी ह्या वर्षी प्रसिद्ध केले. मद्रासेस चार्ल्स डोनोव्हन ह्यांनी तेच कण आपल्या रोग्यांत पाहिले. हा काळा आजार. रोनाल्ड रॉस ह्यांनी दोघांचीही नावे जोडून जंतूस 'लीशमानिया डोनोव्हानी' असे नाव दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत बोस्टन येथे जेम्स होमर राइट ह्यांनी आर्मेनियातून आलेल्या एका बालकाच्या फोडाचा तुकडा रंगवून तपासला, तो त्यातही तसेच कण! प्रत्येक कणात एक गोल पेशीकेंद्र आणि शेजारी एक लहानशी काडी, ही त्यांची खूण. एक रोग पोटात शिरून माणूस मारतो, दुसरा कातडीवर वण ठेवून जातो, आणि दोहोंचे जंतू एकमेकांचे सख्खे भाऊ, ही गोष्ट कोणाही वैद्यास नुसत्या लक्षणांवरून कधीच कळली नसती. राइट ह्यांनी दिलेले नाव मागे पडून १९०६ मध्ये फोडाच्या जंतूस 'लीशमानिया ट्रॉपिका' हे नाव मिळाले. वाळूमाशी हा रोग पसरविते, ह्याचा पहिला भक्कम पुरावा अल्जीरियात सेरझाँ बंधूंनी १९२१ मध्ये दिला. आणि तिच्या दंशानेच तो माणसास होतो हे ॲडलर व बेर ह्यांनी १९४१ मध्ये पॅलेस्टाइनात सिद्ध केले.

जंतूची खूण पटली म्हणजे चूक संपली, असे मात्र नाही. पनामा येथे काळ्या आजाराचा शोध घेणाऱ्या सॅम्युएल डार्लिंग ह्यांस १९०६ च्या सुमारास प्रेतांच्या पेशींत तसेच कण दिसले. पण त्यांत ती लहान काडी नव्हती. हा भेद त्यांनी प्रामाणिकपणे नोंदला व जंतूस वेगळे नाव दिले. तथापि तोही एकपेशीय प्राणीच, अशी त्यांची समजूत राहिली. १९१२ मध्ये द रोशा लिमा ह्यांनी ती बुरशी असल्याचे सांगितले, आणि तेच खरे ठरले. पूर्वी काही न दिसल्याने चूक होई. आता जे शोधीत आहोत तेच सर्वत्र दिसू लागल्याने होऊ लागली. आजही काप पाहणारा तज्ज्ञ ती काडी सापडल्यावाचून निकाल देण्यास कचरतो, ते ह्याच अनुभवामुळे.

ह्या सगळ्या बारकाव्यांचे सामान्य गृहस्थास काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बंगालात सापडते. कलकत्त्याचे डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी ह्यांनी काळ्या आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध तयार करून असंख्यांचे प्राण वाचविले. त्यांनीच १९२२ मध्ये दाखविले, की ह्या आजारातून उठलेल्या काही माणसांच्या अंगावर पुढे फिकट चट्टे व गाठी येतात, आणि त्यांत तोच जंतू असतो. हे चट्टे व गाठी महारोगासारख्या दिसतात. महारोग असे एकदा लोकांच्या तोंडी आले, की आपल्या समाजात त्या माणसाचे काय होत आले आहे, हे वाचकांस सांगावयास नको. पंगत तुटते, मुलीचे लग्न मोडते, घरातल्या घरात भांडे वेगळे होते. महारोग्यावरही हा अन्यायच. मग ज्यास तो रोगच नाही त्याच्यावर किती मोठा! महारोगाच्या चट्ट्यात बहुधा बधिरता असते, ह्या चट्ट्यांत ती नसते. पण संशय राहिल्यास शेवटी कातडीच्या तुकड्यालाच विचारावे लागते. त्यात हॅन्सन ह्यांनी नॉर्वेत १८७३ मध्ये पाहिलेल्या काड्या सापडल्या तर महारोग. काडी असलेले ते बारीक कण सापडले तर काळ्या आजाराची खूण. उपचार दोहोंचे अगदी वेगळे. शिवाय ह्या चट्ट्यांवर बसलेली वाळूमाशी जंतू उचलून दुसऱ्यास देऊ शकते. तेव्हा निदान चुकले तर रोग्याबरोबर त्याचे गावही भोगते.

आज जंतूचे आनुवंशिक द्रव्यच ओळखण्याच्या रीती निघाल्या आहेत. यंत्राखाली अगदी सारख्या दिसणाऱ्या पोटजाती त्यांनी वेगळ्या करता येतात. तरीही तुकडा कोठून घेतला ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. जुन्या फोडात जंतू विरळ होतात, फिकट चट्ट्यात तर फारच थोडे असतात. म्हणून एका तुकड्यात काही न सापडणे म्हणजे रोग नसणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे कातडीच्या ह्या रोगाचे दरवर्षी सहा ते दहा लाख नवे रोगी होतात. आपल्याकडे राजस्थानात बिकानेरच्या बाजूस व हिमाचल प्रदेशात तो आढळतो. विषय जुना झाला असे म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

एकंदरीत पाहता, कनिंगहॅम ह्यांस दिसले पण उमगले नाही, बोरोव्स्की ह्यांस उमगले पण ऐकले गेले नाही, आणि डार्लिंग ह्यांनी भेद नोंदून ठेवला म्हणून पुढच्यास चूक सुधारता आली. ह्या तिघांचा धडा आम्हांस असा दिसतो, की पुरावा आपल्या अर्थापासून वेगळा ठेवावा. कनिंगहॅम ह्यांचा अर्थ चुकला, तरी चित्र खरे होते, आणि म्हणून ते आजही उपयोगी पडते. कोणाच्या अंगावरील चट्टा पाहून तोंडातून रोगाचे नाव काढण्यापूर्वी, डॉक्टराने आणि त्याहूनही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, हा धडा आठवावा इतकीच आमची विनंती आहे.