परफॉर्मन्स ब्रेकची किंचाळी

परफॉर्मन्स ब्रेकची किंचाळी : डिस्क ब्रेक दाबला असता पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून संपूर्ण जोडणीत उभी राहणारी कंपने व त्यांतून निघणारा तीव्र, एकसुरी आवाज. त्याची वारंवारता साधारणपणे १ ते १६ किलोहर्ट्झ असते. माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत तिखट असल्यामुळे थोडाही आवाज असह्य वाटतो. १ किलोहर्ट्झच्या खालची घरघर, तसेच पेडल व स्टिअरिंगची थरथर हे वेगळे विकार आहेत. त्यांची कारणे निराळी, म्हणून उपायही निराळे.

कंपनीने दिलेले ब्रेक उतरवून बाजारातले जास्त ताकदीचे ब्रेक बसवले की ही किंचाळी पुष्कळदा मागोमाग येते. असे ब्रेक म्हणजे धातूचे प्रमाण अधिक असलेले पॅड, खाचांच्या किंवा भोकांच्या डिस्क, चार-सहा पिस्टनचे कॅलिपर. मालक मग पॅड खराब निघाले असे समजून दुसरे पॅड आणतो, आणि महिनाभरात तेही वाजू लागतात. पॅड हा या आवाजाचा एक भागीदार आहे, एकटा गुन्हेगार नव्हे. पॅड, शिम (पॅडच्या पाठीमागची पातळ पट्टी), क्लिप, कॅलिपर, गाईड पिन, डिस्क आणि हब मिळून जे वाजते ते एकेका भागाकडे पाहून थांबत नाही.

आवाज कसा निर्माण होतो : सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा तार गजाला क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. पॅड आणि डिस्क यांच्यातही कमी वेगाला असे चिकटणे-सुटणे चालते. पूर्वी किंचाळीचे सारे स्पष्टीकरण एवढ्यावरच बेतलेले होते. १९३८ साली मिल्स यांनी इंग्लंडमध्ये ब्रेकच्या आवाजाचा जो अभ्यास मांडला, त्यात वेग वाढला की घर्षणगुणांक घटतो या गोष्टीवर भर होता. पुढे १९६१-६२ मध्ये स्पर यांनी दाखवले की घर्षणगुणांक स्थिर असला तरी केवळ जोडणीच्या भूमितीमुळे पॅड अडकत-निसटत राहू शकतो. आज सर्वाधिक मान्य असलेली कल्पना याच्याही पुढची आहे. डिस्कची आणि पॅड-कॅलिपरची स्वतःची कंपनवारंवारता असते. घर्षणबल या दोघांना एकमेकांत गुंतवते. दोन वारंवारता जवळ येऊन जुळल्या की चाकाच्या गतीतली ऊर्जा कंपनात ओतली जाऊ लागते आणि कंपन आपोआप वाढत जाते. त्याचा आवाका मायक्रॉनमध्ये मोजण्याइतकाच असतो. मात्र डिस्कचा पृष्ठभाग मोठा असल्याने तेवढ्या कंपनाचाही आवाज रस्ताभर ऐकू जातो.

घर्षण जितके जास्त, तितकी ही गुंतवण घट्ट. परफॉर्मन्स पॅड अधिक का वाजतात याचे मूळ इथेच आहे. अनेक पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले थंड पॅडचे घर्षण सांगते, दुसरे तापलेल्या पॅडचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि ‘एच’ म्हणजे त्याहून अधिक. कंपनीच्या पॅडवर बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ दिसते. ट्रॅकसाठी केलेले पॅड त्याच्या वर जातात. शिवाय ते कडक असतात. साध्या सेंद्रिय पॅडमधील रबर आणि तंतू कंपन बरेचसे गिळून टाकतात, पोलादाच्या तंतूंनी भरलेला पॅड ते पुढे ढकलतो. निव्वळ शर्यतीचे पॅड पुरेसे तापल्याखेरीज नीट कामच करत नाहीत. शहरातल्या वाहतुकीत डिस्क त्या तापमानाला पोहोचत नाही, आणि असा पॅड थंडपणी डिस्क खरवडत राहतो.

दुसरे कारण जे काढून टाकले जाते त्यात आहे. मोटार कंपन्या आवाज दाबण्यासाठी बरीच मेहनत घेतात. डायनॅमोमीटरवर ठरलेल्या क्रमाने शेकडो वेळा ब्रेक लावून नोंदी घेतल्या जातात, लॉस एंजेलिसच्या वाहतुकीत आणि स्पेनमधील मोहाकारच्या रस्त्यांवर चाचणी-गाड्या फिरवल्या जातात. त्यातून पॅडमागे रबराचा थर असलेल्या बहुपदरी शिमा येतात, पॅडच्या कडा तासल्या जातात, काही गाड्यांत पिस्टनमध्ये रुतणारी वजनेही बसवतात. बाजारातला संच अनेक गाड्यांसाठी एकच असतो. त्याची जुळणी त्या विशिष्ट गाडीच्या हबशी आणि सस्पेन्शनशी कोणी तपासलेली नसते, आणि त्यात शिम असेलच असेही नाही.

ही तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली बर्मिंगहॅममध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्यात धातूवर धातू घासत असल्याने आवाज भयंकर होई. पुढे हर्बर्ट फ्रूड यांच्या ॲस्बेस्टॉसच्या अस्तराने तो ताळ्यावर आणला. ॲस्बेस्टॉसने फुप्फुसांचे केलेले नुकसान उघड झाल्यावर ते बाद झाले. १९५३ मध्ये डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जग्वार सी-टाइपने ल माँची शर्यत जिंकली आणि दोन वर्षांनी सित्रोएन डीएससारख्या प्रवासी गाडीत ते दिसू लागले. पुढे पॅडमधील तांबे कमी करण्याचे कायदे अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० साली केले. तांबे उष्णता वाहून नेते व आवाजही आटोक्यात ठेवते, त्यामुळे पॅड बनवणाऱ्यांना मिश्रणे नव्याने जुळवावी लागली.

निदान : हत्यारे हाती घेण्यापूर्वी आवाज केव्हा येतो ते नीट ऐकावे. गाडी थांबता थांबता, हलक्या दाबाने ब्रेक लावताना येणारी लांब शिट्टी ही खरी किंचाळी. ब्रेक न लावता सतत बारीक आवाज येत असेल तर पॅडची झीज सांगणारी पोलादी जीभ डिस्कला टेकली आहे का ते पाहावे. पॅड २-३ मिलिमीटर उरला की ती टेकते. अशा वेळी नवा पॅड घ्यावा, आवाज मारण्याच्या खटपटीत पडू नये. धातू धातूवर खरवडल्याचा आवाज आला तर गाडी तिथेच उभी करावी. भोकांची किंवा खाचांची डिस्क वेगाबरोबर चढणारी घूं करते, तो दोष नाही. पावसाळ्यात आणि कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा तांबूस थर येतो. सकाळचे पहिले काही ब्रेक त्यामुळे वाजतात आणि मग आवाज जातो. त्यासाठी काहीही करायचे नसते. आवाज एकाच चाकातून येत असेल तर थोडे अंतर चालवून दोन्ही बाजूंच्या रिमजवळ हात नेऊन पाहावा, थेट डिस्कला लावू नये. एक बाजू स्पष्टपणे जास्त गरम असेल तर कॅलिपर किंवा गाईड पिन अडकली आहे.

दुरुस्ती : बहुतेक किंचाळ्या साफसफाई आणि नीट जोडणीने थांबतात, असा या कामातल्या लोकांचा अनुभव आहे. तरीही घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते, हे खेदाने नोंदवावे लागते. पॅड काढताना आतला-बाहेरचा अशी खूण करून ठेवावी. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर तो सरकत नाही हे समजावे.

ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे पोलादी क्लिप असते. ती उचलली की खाली गंजाची फुगलेली पापडी दिसते. ही पापडी क्लिपला आत रेटते, क्लिप पॅडचा कान आवळते, आणि ब्रेक सोडल्यावर पॅड मागे यायच्या ऐवजी डिस्कला हलकासा टेकून राहतो. किंचाळीला याहून अनुकूल स्थिती नाही. तारेच्या ब्रशने किंवा बारीक कानशीने खाच धातूपर्यंत स्वच्छ करावी, क्लिप नवी घालावी. मग पॅड बोटाने ढकलून पाहावा: तो डुगडुगता कामा नये, पण हातोडीही लागता कामा नये. परफॉर्मन्स पॅडच्या कानांवर कधी कधी रंगाचा जाड थर असतो आणि त्यानेच पॅड अडतो. तेवढा रंग घासून काढावा, लोखंडाला हात लावू नये. फिक्स्ड कॅलिपरमध्ये ब्रॅकेट नसतो, पॅड पिनांवर लटकतात. तिथे पिनांवरची झीज, पॅडच्या कडा टेकतात त्या पोलादी पट्ट्या आणि दाब देणारी स्प्रिंग तपासावी.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाईड पिन काढून जुने कडक झालेले ग्रीस पुसावे आणि रबरासाठी सुरक्षित असे सिलिकॉनचे ग्रीस लावावे. पेट्रोलियमचे साधे ग्रीस रबर फुगवते व पिन पुन्हा अडकते. पिनेवरचा रबरी बूट फाटलेला असल्यास बदलावा, नाहीतर पावसाचे पाणी आत जाऊन सगळी मेहनत वाया जाते.

शिम असेल तर ती पॅडच्या पाठीला घट्ट बसली आहे का पाहावे. नसेल तर पॅडच्या मापाची चिकट शिम मिळते. शिमेतला मऊ थर कंपनाची ऊर्जा उष्णतेत घालवतो, म्हणून खूप कडक पॅडवर तिचा परिणाम विशेष जाणवतो. पिस्टन टेकतो तिथे आणि कानांवर उच्च तापमान सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. पॅड उत्पादकाने पाठीला काही लावू नका असे सांगितले असेल तर ते ऐकावे. पॅडच्या घासणाऱ्या अंगाला किंवा डिस्कला ग्रीस, तेल, साबण असे काहीही लागता कामा नये. आवाज बंद होतो म्हणून डिस्कवर तेल फवारणारे लोक आहेत. आवाज खरोखर बंद होतो, आणि गाडी थांबणेही. तेल प्यालेला पॅड टाकूनच द्यावा.

पॅडच्या पुढच्या कडेला तासलेला उतार नसेल तर तो देता येतो. सपाट टेबलावर सँडपेपर पसरून कड साधारण ४५ अंशांत काही मिलिमीटर घासली की पॅडचा डिस्कला भिडणारा आकार बदलतो आणि जुळलेल्या वारंवारता सुटू शकतात. पॅडचा पृष्ठभाग चकचकीत झाला असेल तर तोही ८० ते १२० नंबरच्या सँडपेपरवर मारून खरखरीत करावा. हे काम मोकळ्या जागेत, तोंडाला मास्क लावून करावे. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे गॅरेजमध्ये सर्रास चालते. ती सवय आरोग्याला घातक आहे. धूळ ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी.

डिस्कची तपासणी पॅडइतकीच महत्त्वाची. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण धुवावे. जुनी डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ आली असेल तर लेथवर देऊ नये, बदलावी. डिस्क आणि हब यांच्यामधला गंज घासून काढावा, कारण तिथला एक कणही कडेला डिस्क वाकडी फिरवतो. डायल गेजवर ही वाकडी फेरी ०.०५ मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी असावी. नेमकी मर्यादा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असते. चाकाचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. एअर गनने ठोकून बसवलेले चाक डिस्कला वाकवू शकते.

बेडिंग : नवा पॅड बसवून लगेच रोजच्या रहदारीत जाणे हे किंचाळीचे फार मोठे कारण आहे. बेडिंगने पॅडच्या द्रव्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढला की घर्षण धातूवर न होता त्या थरावर होते आणि कंपनाला चालना कमी मिळते. पॅडबरोबर सूचना आल्या असतील तर त्याच पाळाव्यात. नसतील तर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवावा, मग ताशी ९० च्या आसपासपासून २० पर्यंत जरा जोराने काही वेळा. या काळात गाडी पूर्ण थांबवू नये. तापलेली डिस्क एका जागी उभी राहिली की पॅडचा ठसा तिच्यावर उमटतो आणि पुढे तोच थरथर व आवाज देतो. शेवटी ब्रेक न वापरता काही किलोमीटर चालवून ते थंड होऊ द्यावेत. नीट झाले असेल तर डिस्कवर सलग करडी-निळसर झाक दिसते, पट्टे किंवा डाग नसतात. पॅडचा प्रकार बदलताना जुन्या पॅडचा थर डिस्कवर तसाच ठेवून नवा चढवू नये. तो सँडपेपरने गोल-गोल, दिशाहीन हाताने काढावा किंवा डिस्क बदलावी.

एवढे करूनही किंचाळी राहिली तर पॅडचे मिश्रणच त्या वापराला चुकीचे आहे असे मानावे. पुणे-मुंबई ये-जा आणि वर्षातून दोनदा महाबळेश्वर एवढ्यासाठी ट्रॅकचे पॅड घालण्यात अर्थ नाही. पसरणीसारखा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी रोखू द्यावी. मग उत्तम प्रतीचा रस्त्याचा पॅड पुरतो आणि शांतही राहतो. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर जाणारे अनुभवी चालक पॅडचे दोन संच ठेवतात आणि ट्रॅकवर पोहोचल्यावर बदलतात. त्यांनी दोन्ही संचांची मिश्रणे एकाच उत्पादकाची, डिस्कवर एकमेकांशी जुळणारी घ्यावीत. नाहीतर प्रत्येक बदलानंतर बेडिंग पुन्हा करावे लागते. कार्बन-सिरॅमिक डिस्कही थंड आणि ओल्या असताना वाजतात. त्यांना त्यांच्यासाठीच बनवलेले पॅड लागतात, आणि ओतीव लोखंडाच्या डिस्कसाठी वर सांगितलेले घासणे त्यांच्यावर करू नये.