न उभा राहिलेला खांब: वरळी कोळीवाडा आणि ६० मीटरची गोष्ट

ट्रेनमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा, आणि ऐकण्याऐवजी वाचत असाल तर हा एपिसोड नेहमीसारखा बोलीत लिहिलाय, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट एका खांबाची आहे. गंमत म्हणजे हा खांब तुम्हाला कुठेच दिसणार नाही, कारण तो बांधलाच नाही. कोस्टल रोड वरळीला सी लिंकला जिथे जोडला जातो, तिथे समुद्रात खांब नंबर सात आहे, नऊ आहे. आठ नाही. आठ का नाही, हे समजून घ्यायला आपल्याला वरळी कोळीवाड्यापासून कोयनेपर्यंत जाऊन परत यायचंय.

मागच्या महिन्यात मी मित्रासोबत क्लीव्हलंड बंदरावर गेलो होतो. वरळीच्या होड्या इथे लागतात. मित्राचे काका नाखवा आहेत. जाळं दुरुस्त करत बसले होते. मी शहाणपणा करत मोबाईलवर भरतीचं ॲप उघडलं. काका हसले. म्हणाले, "आज तिथी कोणती ते सांग."

ॲप बघून मी सांगितलं, पंचमी. त्यांनी मानही वर केली नाही. "पाचाची पाऊणपट. पावणेचारला भरती पूर्ण." ॲपमध्ये चार वाजायला पाच मिनिटं कमी अशी वेळ होती.

हा हिशोब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितके तास बारानंतर मोजायचे, ती भरतीची वेळ. बघा, पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा तिथ्या. तेवढ्यात भरतीची वेळ बारा तास सरकते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पण ४८ चा पाढा होडीत कोण म्हणणार? म्हणून ४५ धरली, म्हणजे पाऊण तास. दर तिथीला तीन मिनिटांची चूक. पंधरा तिथ्यांत ती ४५ मिनिटांपर्यंत साचते. आणि मग? अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की मोजणी पुन्हा एकपासून. साचलेली चूक पुसली जाते.

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा आम्हाला 'न्यूमरिकल मेथड्स' नावाचा पेपर होता. अचूक उत्तर काढणं अवघड असेल तर सोपी पायरी घ्यायची, एकेक पाऊल पुढे जायचं, साचणाऱ्या चुकीवर लक्ष ठेवायचं आणि ती हाताबाहेर जायच्या आत आवरायची. चार महिने आम्ही हेच शिकलो. काकांनी जाळ्यावरची नजर न हलवता तेच केलं होतं.

साठ की एकशेवीस?

आता भांडणाकडे येऊ. कोस्टल रोडचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे न्यायला मुभा दिली. वरळीला या रस्त्याला सी लिंकशी जोडणारा पूल समुद्रातून जाणार होता, आणि नेमका क्लीव्हलंड बंदरातून खोल समुद्रात जायच्या वाटेवरून. नकाशावर त्या वाटेवरच्या खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर.

पालिकेचं म्हणणं, ६० मीटर पुरेसं आहे. होडी काही मीटर रुंद. साठात तिच्यासारख्या कितीतरी मावतील. कागदावर हे बरोबरच वाटतं, नाही का? मलाही वाटलं होतं.

मच्छिमारांचं म्हणणं वेगळं होतं. सी लिंकच्या खांबांमधून होड्या नेण्याचा अनुभव त्यांच्याकडे २००९ पासूनचा होता. ते म्हणत होते, होडी म्हणजे रस्त्यावरची गाडी नव्हे. तिला ब्रेक नाही. खालून ओढ असते, बाजूने वारा असतो, पावसाळ्यात लाट असते.

आपण साधा हिशोब करून बघू. आकडे मी उदाहरणादाखल घेतोय. समजा बाजूने दोन नॉटचा प्रवाह आहे. म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. खांबांजवळ इंजिन अडखळलं आणि वीस सेकंद होडी हातात राहिली नाही. ती वीस मीटर बाजूला गेली. आता ६० मीटरमधून एक होडी येतेय, एक जातेय. प्रत्येकीच्या वाट्याला ३० मीटर. आपल्या पट्ट्याच्या मधोमध असाल तर खांब फक्त १५ मीटरवर. वीस मीटर वाहिलात, तर आपटलात. अंतर १२० असेल तर तोच खांब ३० मीटरवर असतो, आणि तुम्ही वाचता.

रोबोट चालवणारे लोक हीच गोष्ट त्यांच्या भाषेत सांगतात. रोबोट आधी बघतो, मग ठरवतो, मग चाक फिरवतो, आणि पुन्हा बघतो. बघणं आणि चाक वळणं यांच्यात थोडा वेळ जातो, तेवढ्यात तो चुकीच्या दिशेनेच पुढे जात असतो. म्हणून रोबोटची वाट त्याच्या रुंदीएवढी कधीच ठेवत नाहीत. रुंदी, अधिक तो सावरेपर्यंत जितका भरकटेल तितकं अंतर, अशी ठेवतात. नाखवा सुकाणूवर दिवसभर हेच करत असतो. ६० मीटरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी होडीची रुंदी मोजली होती. कोळी होडीचं भरकटणं मोजत होते.

मधला खांब काढला तर?

"अहो, मग काढा की एक खांब!" असं म्हणणं सोपं आहे. पण इथे पुलाचं गणितही ऐकून घ्यायला हवं. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईची लांबी दुप्पट केली, तर तिला वाकवणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. आणि तुळई तीच ठेवली, तर ती मधे सोळापट झुकते. म्हणजे ६० चे १२० करणं ही किरकोळ दुरुस्ती नव्हती. आख्खा पूल नव्याने विचारात घ्यावा लागणार होता.

असा विचार आज कसा करतात? इथे मासे पकडायचं जाळं डोळ्यासमोर आणा. जाळ्यात गाठी असतात, गाठींना जोडणारे धागे असतात. एक गाठ ओढली की शेजारची हलते, मग तिच्या शेजारची. कॉम्प्युटरमध्ये पुलाचं असंच जाळं करतात. हजारो गाठी, आणि प्रत्येक गाठीला एकच प्रश्न: तुझ्यावर जोर आला तर तू किती सरकशील? मग सगळ्या गाठींची समीकरणं एकत्र सोडवायची. याला 'फायनाइट एलिमेंट' पद्धत म्हणतात. १९५६ मध्ये बोइंग कंपनीशी संबंधित चौघांनी विमानाच्या पंखांसाठी या पद्धतीचा पाया घालणारा निबंध लिहिला. त्यांच्यातल्याच रे क्लफ यांनी १९६० मध्ये तिला हे नाव दिलं.

आणि आता कोयना.

पहाटेचे सव्वाचार

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचार वाजून गेले होते. कोयनानगरला भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली. माझी आजी पाटण तालुक्यातली. त्या रात्रीबद्दल ती फार बोलायची नाही, पण झोपताना दाराची कडी कधी लावायची नाही, शेवटपर्यंत.

१०३ मीटर उंचीचं कोयना धरण फुटलं नाही. पण त्याला तडे गेले. धरणाच्या मागच्या बाजूचा उतार जिथे अचानक बदलतो, नेमके तिथे. धरण बांधताना भूकंपाचा विचार केला होता बरं का. गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के एवढा आडवा जोर धरला होता. त्या काळात तसंच धरत. धरणातच बसवलेल्या यंत्राने मात्र त्या पहाटे गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्म्याएवढा धक्का नोंदवला. साधारण दहापट.

पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला, बनारसला शिकलेले अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रवर्ती यांनी कोयनेची तीच नोंद कॉम्प्युटरमधल्या धरणाला दिली. धक्क्याचे बारीक बारीक क्षण पाडले आणि एकेका क्षणाने पुढे गेले. तिथीसारखंच, पाऊल पाऊल. सर्वात जास्त ताण कुठे आला? उतार बदलतो तिथेच. १९७३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्रत्यक्षातल्या धरणाला मागून टेकू देऊन बळकट केलं गेलं. आज जगभर बांधकामाचं सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलांना सरावासाठी कोयनेचं उदाहरण देतात.

मलाही दिलं होतं. मी ते लॅपटॉपवर सोडवलं, रंगीत चित्र आलं, लाल रंग नेमका हवा तिथे आला, पैकीच्या पैकी मार्क. त्या नागमोडी रेषेत माझ्या आजीची पहाट आहे, हे मला घरी सुट्टीला गेल्यावर कळलं.

कोयनेच्या मूळ हिशोबात गुणाकार-भागाकार चुकला नव्हता. गणित बरोबर होतं. गणितात घातलेला आकडा खऱ्या जमिनीशी जुळत नव्हता. जाळ्याच्या गाठी कितीही बारीक केल्या, तरी सुरुवातीचा आकडा चुकीचा असेल तर चुकीचंच उत्तर जास्त स्वच्छ दिसतं, एवढंच.

वरळीचा ६० हा तसाच आकडा होता. फरक इतकाच की कोयनेत चूक भूकंपाने दाखवली, आणि वरळीत माणसांनी, काही घडायच्या आधी.

परत वरळीला

कोळ्यांनी निवेदनं दिली, समुद्रात होड्या नेऊन काम अडवलं. ते बरेच महिने चाललं. अखेर २०२२ च्या शेवटी अंतर १२० मीटर करायचं ठरलं. खांब नंबर आठ कागदावरून गेला. मच्छिमारांची मूळ मागणी १२० हूनही जास्त होती, हेही लक्षात ठेवा.

मग इतकं अंतर पेलायला कमानी आल्या. धनुष्यासारख्या: वर वाकलेली कमान, खाली ताणलेली दोरी, आणि रस्ता कमानीला टांगलेला. पहिली १३६ मीटर लांब, सुमारे २००० टन. दुसरी १४३ मीटर, सुमारे २५०० टन. न्हाव्याला जोडून त्या बार्जवरून समुद्रमार्गे वरळीला आणल्या.

आणि एवढं धूड खांबांवर ठेवलं कसं? भरतीच्या पाण्यावर बार्ज उंच असताना कमान खांबांच्या वर आणायची, आणि ओहोटी लागली की पाण्यालाच तिला हळूहळू खाली ठेवू द्यायचं.

पहिली कमान बसली २६ एप्रिल २०२४ ला पहाटे. मी पंचांग काढून बघितलं. चैत्र वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट, दीड. म्हणजे रात्री दीडच्या सुमाराला भरती पूर्ण, त्यानंतर ओहोटी. पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे पाण्याला उधाण. दुसरी कमान १५ मे रोजी बसली, आणि सप्टेंबरमध्ये रस्ता सी लिंकला जोडला गेला.

मी हे काकांना मोठ्या उत्साहात सांगितलं. "बघा काका, शेवटी तुमच्याच हिशोबाने बसली कमान!"

ते म्हणाले, "पाणी सगळ्यांचंच. पण कमान बसवायला भरती विचारली, तशी खांब आखायच्या आधी वाट विचारली असती, तर आमचे इतके दिवस धंद्याविना गेले नसते." आणि थोडं थांबून, "अंतर मिळालं. आता पुलाखाली मासळी आधीसारखी लागते का, ते कोण मोजणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वेळी सी लिंककडे जाताना ती कमान दिसली, की खाली बघा. एखादी होडी जात असेल. तिच्या दोन्ही बाजूंना जी मोकळी जागा दिसेल, ती कुठल्या सॉफ्टवेअरने आपणहून दिलेली नाही.

तुमच्या घरात, गावात असा तोंडी हिशोब कुणी करतं का? पावसाचा, पेरणीचा, भरतीचा? मला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवीन. भेटूया. तोपर्यंत, आज तिथी कोणती ते बघा, आणि पाऊणपट करा.