उघड्या मोटारीचे मोल

उघड्या टपाच्या जुन्या मोटारीचे मोल लोखंडाच्या वजनावर ठरत नाही. पावसापाण्याने तिचा कापडी टप व लाकडी सांगाडा लवकर कुजतो. म्हणून अशा मोटारी थोड्याच उरतात. इंजिन मूळचेच आहे काय, मालकांची परंपरा कागदोपत्री सिद्ध होते काय, हे पारखी प्रथम पाहतो. राजकोट दरबारची ‘स्टार ऑफ इंडिया’ ही 1934 ची रोल्स-रॉइस 1968 साली परदेशी गेली. 2010 साली त्याच घराण्याने ती मोनॅकोच्या लिलावातून परत आणली. हे मोल अर्थातच इतिहासाचे होते.

दिल्लीत 1964 साली ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने जुन्या मोटारींची रॅली सुरू केली आणि अडगळीला मान लाभला. त्याच दिल्ली परिसरात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणापायी पंधरा वर्षांवरील पेट्रोल-मोटारींना रस्ता बंद केला. तर 2021 च्या केंद्रीय नियमांनी मूळ रूपात जपलेल्या, पन्नाशी उलटलेल्या मोटारींना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक देऊ केला, तोही प्रदर्शन-रॅलीसारख्या कारणांपुरताच. पंधराव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा! मधली पस्तीस वर्षे कोणीतरी ती निगुतीने सांभाळावी लागते. मोटारीचे खरे मोल त्या सांभाळण्यात आहे.