एका रबरी नळीची कुळकथा

मोटारीच्या इंजिनात पोलाद असते, बीड असते, अ‍ॅल्युमिनियम असते. पण यांतले काहीएक न मोडता गाडी भर रस्त्यात उभी राहू शकते. तिला उभी करते अंगठ्याहून जाड आणि मनगटाहून बारीक अशी एक काळी रबरी नळी. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये ही नळी असते. ती फुटली की पाणी वाहून जाते, इंजिन तापते, आणि तसेच दामटले तर काही मिनिटांत त्याचे माथे वाकडे होते. नळीला खर्च थोडा, इंजिनाला भारी. अशा या नळीची कुळकथा आज आपण पाहू.

पहिला प्रश्न असा की, इथे लोखंडी नळी का नाही चालत? कारण साधे आहे. इंजिन चालताना थरथरते आणि रेडिएटर गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला असतो. एक हलणारा, एक न हलणारा. त्यांना ताठ नळीने जोडले तर सांधा तुटणारच. तेथे वाकणारी, धक्का सोसणारी वस्तू हवी.

ही गरज मोटारीहून फार जुनी आहे. आपल्या विहिरीवरची सोंडेची मोट आठवा. वर कातड्याची पखाल आणि खाली कातड्याचीच सोंड. मोट विहिरीत असताना ही सोंड वर वळलेली राही, म्हणून पाणी सांडत नसे. मोट वर आली की सोंड थारोळ्याकडे पसरे आणि पाणी भळाभळा ओतले जाई. पाण्याला लवचीक वाट करून देण्याची विद्या आपल्या शेतकऱ्याला अशी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तिकडे युरोपात, हॉलंडातील अ‍ॅम्स्टरडॅम शहरी, यान व्हान डर हेडन नावाच्या चित्रकाराने १६७२ साली भावाच्या मदतीने आग विझवण्यासाठी कातड्याची शिवलेली लांब नळी तयार केली. पण कातडे वाळते, चिरते, शिवणीतून गळते. आणि उकळत्या पाण्यापुढे तर त्याचा टिकावच लागत नाही.

कातड्याची जागा घेतली रबराने. पण कच्चे रबर उन्हात चिकट होई आणि थंडीत काचेसारखे तडके. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर हा गृहस्थ या एका दोषापायी झपाटला. कर्जापायी तुरुंगात गेला, घरची भांडीकुंडी गहाण पडली. १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापल्या चुलीला लागले, आणि ते वितळण्याऐवजी चामड्यासारखे चिवट झाले! १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. त्याच सुमारास इंग्लंडात टॉमस हँकॉक यानेही तीच क्रिया साधली. मात्र १८६० साली गुडइयर वारला तो कर्जातच. त्याच्या नावाची प्रसिद्ध टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली. तिचा त्याच्या घराण्याशी संबंध नाही.

आता मोटारीकडे वळू. जर्मनीत कार्ल बेन्झने १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले. तिच्यात रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवती पाणी असे, ते उकळून वाफ होऊन जाई, आणि पुन्हा पाणी ओतावे लागे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेन्झची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. शंभर किलोमीटरांहून थोडी जास्त वाट. ठिकठिकाणी थांबून ती गाडीत पाणी ओतत गेली. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली, आणि ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. म्हणजे बघा, मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका गृहिणीने केला आणि वाटेतली दुरुस्तीही घरच्या वस्तूंनी केली.

वाफ दवडण्यापेक्षा तेच पाणी गार करून पुन्हा वापरणे शहाणपणाचे. विल्हेल्म मायबाख याने १९०० साली पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ६ मिलिमीटर रुंदीच्या सुमारे ८ हजार चौकोनी नळ्या होत्या. पुढे हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ आली. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने रेडिएटरात जाई, थंड झालेले जड पाणी खालच्या नळीने इंजिनात येई. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य दाखवावे: काचपात्रातील पाण्याच्या तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा टाकून खालून मंद आच द्यावी, म्हणजे जांभळी रेघ वर चढताना मुलांना डोळ्यांनी दिसते. ही गाडी अमेरिकेतील शेतकऱ्याने घेतली आणि तिच्या नळ्या त्याने खळ्यातच, साध्या पान्याने बदलल्या.

पण या रबराची एक काळी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. १८८८ मध्ये डनलॉपचे हवेचे टायर निघाले आणि रबराची मागणी एकदम वाढली. आफ्रिकेतील काँगो १८८५ ते १९०८ पर्यंत बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीखाली होता. तेथे गावागावावर रानरबराचा वाटा लादला गेला. बायकांना ओलीस धरत, हात तोडत. लक्षावधी माणसे मेली. रॉजर केसमेंटचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाला हे नीट कळले. दरम्यान १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझिलातून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या होत्या. त्यांच्या रोपांतून सिलोन आणि मलायाचे मळे उभे राहिले, तेव्हा कुठे रानरबराची सद्दी संपली. केरळात १९०२ साली पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे मळा लागला. आणि आज आपल्या दोडामार्ग भागातही रबराची झाडे दिसतात.

१९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकले. अमेरिकेचे बहुतेक सारे रबर बंद झाले. मग तेलापासून कृत्रिम रबर करण्याचे प्रचंड काम तिने हाती घेतले. निओप्रिन नावाचे कृत्रिम रबर तर १९३० सालीच प्रयोगशाळेत निघाले होते. १९६० नंतर उष्णतेला अधिक दाद न देणारी नवी जात आली. आज रेडिएटरच्या नळ्या बहुतेक त्याच जातीच्या असतात, आणि आतून धाग्यांचे विणकाम असते.

आता कुटुंबाच्या गाडीकडे येऊ. १९८३ च्या नोव्हेंबरात क्रायस्लर कंपनीची पहिली मिनिव्हॅन कॅनडातील विंडसर येथे कारखान्यातून बाहेर पडली. सारे घरदार बसेल अशी ही ठेंगणी बंद गाडी. इंजिन पुढे आडवे, जागा अडचणीची; पण वरची नळी हाताला लागते. तिकडे मजुरी महाग, म्हणून पुष्कळ माणसे घराच्या अंगणातच नळी बदलतात. ती रीत येथेही उपयोगी पडेल.

नळी जुनी झाली हे बाहेरून नेहमी दिसत नाही. पाणी, रसायन आणि धातू यांच्या संगतीत सूक्ष्म वीजप्रवाह चालतो आणि रबर आतून, विशेषतः टोकांजवळ, चिरत जाते. म्हणून इंजिन पुरते गार असताना नळी टोकाशी आणि मध्ये दाबून पाहावी. टोक मऊ लागले, किंवा आत भेगा जाणवल्या, तर ती बदलायची. फुगलेली, ताठ झालेली वा तेलाने चिकट झालेली नळीही बाद समजावी.

गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण निघताच ते उसळून तोंडावर येते. गार झाल्यावर खालची तोटी उघडून पाणी बादलीत घ्या. ते उघड्यावर ठेवू नका, बरं का. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. कुत्री, गुरे, लेकरे चुकून पितात. मग दोन्ही टोकांच्या क्लिपा सैल करा. नळी चिकटली असेल तर ओढू नका, लांबीत चाकूने चीर द्या. जोर केला तर रेडिएटरची प्लॅस्टिकची मान मोडते. मान घासून स्वच्छ करा, क्लिप आधी नव्या नळीवर चढवा, मग नळी बसवा. खालच्या नळीत पंपाची ओढ असते. जुन्या नळीत आतून तारेचे वेटोळे असेल तर नव्या नळीतही असायला हवे, नाहीतर ती आत चेपेल. शेवटी गाडीसाठी सांगितलेले द्रावण भरा, हीटर चालू ठेवून हवा निघू द्या, आणि दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी पुन्हा पाहा.

गुडइयरचे कर्ज, काँगोतील तुटलेले हात, मलायाचे मळे, युद्धातील कारखाने, एवढे सारे मागे टाकून ही नळी आपल्या दारी आली आहे. तिच्याकडे वर्षातून दोनदा पाच मिनिटे पाहणे काही फार नाही. सुट्टीत पोराबाळांसह लांबच्या गावी निघण्याआधी आणि घाट चढण्याआधी तेवढे जरूर करा.