११२ चा कॉल फुकट, मग खर्च कोण भरतं?

समजा, रामटेकजवळ मनसरला राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रात्री अपघात झाला. कुणीतरी ११२ लावतं. कॉलला पैसे लागत नाहीत. पण कॉल उचलणारा माणूस, नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर आणि निघालेली गाडी यांचा खर्च असतोच. तो आपल्या रिचार्जमधून जातो का?

थोडक्यात उत्तर: अमेरिकेत हो. भारतात थेट नाही.

कॉल जातो कुठे?

महाराष्ट्रात ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरं नागपुरात. तिथे कॉल उचलला की घटनेची नोंद होते आणि ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाते. रामटेकच्या बाबतीत म्हणजे नागपूर ग्रामीण पोलिसांकडे. तिथून जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर माहिती पोहोचते.

खर्च दोन प्रकारचा असतो. सर्व्हर, सॉफ्टवेअर, गाड्यांमधली उपकरणं हा सुरुवातीचा खर्च. पगार, डिझेल, देखभाल हा दरवर्षीचा. खरी अडचण दुसऱ्या खर्चाची असते, कारण तो कधी संपत नाही.

भारतात पैसा कुठून येतो?

केंद्राने २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात १,००० कोटींचा निर्भया निधी जाहीर केला. एप्रिल २०१५ मध्ये ट्रायने देशभर ११२ हा एकच नंबर ठेवण्याची शिफारस केली. पुढे ही यंत्रणा राज्याराज्यांत उभी करायला निर्भया निधीतून ३२१.६९ कोटी मंजूर झाले. २८ नोव्हेंबर २०१८ ला हिमाचल प्रदेश या यंत्रणेत आलेलं पहिलं राज्य ठरलं.

पण यंत्रणा रोज चालवायची म्हणजे मुख्यतः राज्याचं बजेट, कारण पोलीस हा राज्याचा विषय आहे. १०८ रुग्णवाहिकेचा खर्च वेगळा, तो आरोग्य विभागाच्या बजेटमधून जातो.

तुमच्या ३०० रुपयांचं काय होतं?

३०० रुपयांच्या रिचार्जमध्ये १८% जीएसटी धरलेला असतो. म्हणजे सुमारे ४६ रुपये कर आणि २५४ रुपये कंपनीचे. करातला अर्धा वाटा राज्याचा, साधारण २३ रुपये.

कंपनी आपल्या समायोजित महसुलावर सरकारला ८% परवाना शुल्क देते. त्यातले ५% पूर्वीच्या 'युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड'चे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं. ढोबळ हिशेबाने तुमच्या रिचार्जमधले १२-१३ रुपये त्यात जातात.

हा निधी नेटवर्क पोहोचवण्यासाठी आहे. २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर झाली, ती याच निधीतून. म्हणजे मोबाईलवरच्या वसुलीतून टॉवर उभा राहतो. पण त्या टॉवरवरून लागलेला ११२ चा कॉल उचलणाऱ्याचा पगार त्यातून निघत नाही.

अमेरिकेत काय करतात?

तिथला नंबर ९११. पहिला कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल गावात लागला. तिथे बहुतेक राज्यांत फोनच्या बिलात ९११ साठी वेगळी ओळ असते आणि दर महिन्याला प्रत्येक कनेक्शनमागे शुल्क लागतं. प्रीपेड ग्राहकाकडून ते खरेदीच्या वेळीच घेतात.

ऐकायला सरळ वाटतं, पण काही राज्यांनी हा पैसा दुसरीकडे वळवला. न्यूयॉर्कमध्ये महिन्याला १.२० डॉलर घेतात आणि त्यातला मोठा भाग राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. २००८ च्या कायद्यामुळे तिथला दूरसंचार नियामक एफसीसी दरवर्षी संसदेला अहवाल देतो. त्यात अशा राज्यांची नावं छापलेली असतात. न्यूजर्सीचं नावही त्यात अनेकदा आलं आहे.

आपणही वेगळे नाही. ५% वसुलीचा पैसा आधी भारताच्या संचित निधीत जातो, मग संसदेच्या मंजुरीने बाहेर येतो. गोळा झालेली आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम जुळत नाही, हे कॅगने दाखवून दिलं आहे.

असं शुल्क इथे चालेल?

दोन अडचणी लगेच दिसतात.

- दोन सिम: शुल्क कनेक्शनवर लावलं तर एकच माणूस दोनदा भरेल. जेमतेम रिचार्ज करणाऱ्याला ते जास्त जड जाईल.
- सीमा: त्रिपुरी पौर्णिमेला गडावर आलेल्या सिवनीच्या भाविकाचं सिम मध्य प्रदेशचं. शुल्क तिकडे जमा होणार, त्याच्यासाठी गाडी मात्र रामटेकची धावणार.

म्हणून बिलात वेगळी ओळ असणं पुरेसं नाही. किती गोळा झाले आणि कॉल उचलण्यावर किती खर्च झाले, हा हिशेब दरवर्षी लोकांसमोर यायला हवा. अमेरिकेकडून घ्यायचं तर शुल्काआधी तो अहवाल घ्यावा.

तोपर्यंत हे लक्षात ठेवा

२०१६ च्या नियमांनुसार पॅनिक बटण असलेल्या साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून ठेवा. स्मार्टफोनवर पॉवर बटण पटापट तीनदा दाबा (काही मॉडेलमध्ये पद्धत वेगळी असते, सेटिंग्जमध्ये आधीच बघून घ्या). खेड्यात टॉवर लांब लांब असतात, त्यामुळे टॉवरवरून कळणारं ठिकाण ढोबळ असतं. म्हणून नुसतं "रामटेक" सांगू नका. "खिंडसी तलावाच्या रस्त्यावर, अमुक फाट्याजवळ" असं सांगा.