स्ट्रक्चरल ऑडिटर कसा निवडावा?

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, तर ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करून घेणे अपेक्षित आहे. मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींची अशी तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब अन्वये बंधनकारक आहे. मात्र ऑडिट करणारा अभियंता विश्वासार्ह नसेल, तर प्रमाणपत्र हा निव्वळ कागद ठरतो. डॉकयार्ड रोड येथे २०१३ मध्ये इमारत कोसळून ६१ जणांचा, तर घाटकोपर येथे २०१७ मध्ये १७ जणांचा बळी गेला. इमारतीच्या प्रकृतीकडे डोळेझाक करण्याची किंमत किती मोठी असते, हे या दुर्घटनांनी दाखवून दिले.

निष्कर्षाचे मोल

मुंबईत ऑडिटनंतर इमारतीची श्रेणी ठरते. 'सी-१' म्हणजे रिकामी करून पाडण्यायोग्य, 'सी-२ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, 'सी-२बी' म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. एका अक्षराच्या फरकाने रहिवाशांना घर सोडावे लागते किंवा धोकादायक छताखाली राहावे लागते. म्हणूनच ज्याला निष्कर्षातून लाभ होणार आहे, त्याने सुचविलेला ऑडिटर टाळावा. पुनर्विकासासाठी उत्सुक विकासक किंवा दुरुस्तीचे काम मिळवू पाहणारा ठेकेदार 'मोफत ऑडिट' देऊ करीत असेल, तर सावध राहिलेले बरे.

निवडीपूर्वी

अभियंत्याची स्थानिक महापालिकेकडील नोंदणी वैध आहे का, हे प्रथम पाहावे. किमान तीन अभियंत्यांकडून दरपत्रके मागवावीत. त्यांत चाचण्यांची नावे व संख्या नमूद असावी. त्यांनी पूर्वी तपासलेल्या संस्थांकडे चौकशी करावी. निवड सर्वसाधारण सभेत करून ती इतिवृत्तात नोंदवावी.

तपासणी कशी असावी?

केवळ जिन्यातून फेरफटका मारून दिलेला अहवाल स्वीकारू नये. सदनिका, गच्ची, पाण्याच्या टाक्या व तळमजल्यावरील खांब पाहिले जावेत. अंतर्गत बदल करताना खांब वा तुळई तोडली आहे का, याची नोंद व्हावी. काँक्रीटचा दर्जा रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी चाचणीतून अजमावला जातो. हाफ-सेल चाचणीतून सळया गंजण्याची शक्यता कळते. कार्बोनेशन चाचणीत काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन टाकतात. निरोगी भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग रंगहीन राहतो. गरजेनुसार काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत त्याची ताकद तपासली जाते.

अहवाल हाती आल्यावर

चाचण्यांची आकडेवारी, त्या कोठे घेतल्या याचा नकाशा, छायाचित्रे आणि दुरुस्तीचा अग्रक्रम हे सारे अहवालात हवे. त्याची प्रत प्रत्येक सभासदाला मिळावी. दोन अहवाल परस्परविरोधी असल्यास मुंबईत प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येते. दुरुस्तीचा ठेका ऑडिटरशी संबंधित संस्थेला न देणे हेच सभासदांच्या हिताचे आहे.